खाजणातले कोरडे बूट

कोर्टाच्या एका फायलीत माझे अकरा फोटो आहेत. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा माझे एकट्याचे एवढे फोटो नाहीत. अकराच्या अकरा फोटोंत मी उभा आहे, डावा हात कमरेवर, उजवा हात लांबवर काहीतरी दाखवणारा, आणि पायांत दिवाळीला घेतलेले काळे बूट. बुटांवर ऊन चमकतंय. कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख आहे. हे फोटो एक पाणथळ जागा वाचवण्यासाठी काढलेले आहेत आणि त्यांतल्या एकातही पाण्याचा थेंब नाही.

हे कसं जमवलं ते मीच सांगितलेलं बरं. इतकी वर्षं बायको सांगत आली आहे, आणि ती सांगते त्यात मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो. म्हणजे फार फरक नाही, पण आहे.

आम्ही परळच्या दीड खोलीतून पूनम सागरला राहायला आलो त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नवं शतक सुरू झालं होतं आणि मीरा रोडला रोज एक नवी इमारत उगवत होती. आमच्या गॅलरीतून लांबवर तिवरांचा हिरवा पट्टा दिसायचा. बिल्डरने फ्लॅट विकताना त्या पट्ट्याचं फार कौतुक केलं होतं. मग एक दिवस दुसऱ्या बिल्डरचे डंपर त्याच पट्ट्याच्या कडेला माती ओतू लागले, आणि आम्हाला निसर्गाचं प्रेम आलं. आमची समिती स्थापन झाली. लेटरहेडवर अकरा नावं होती. काम करणारे तिघं: अध्यक्ष, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमच्या मजल्यावरचे गृहस्थ, वकीलबाई, ज्यांनी आमचं प्रकरण हौसेने घेतलं, आणि सेक्रेटरी मी. माझ्याकडे कॅमेरा होता, एवढीच माझी पात्रता.

खरं सांगायचं तर तोपर्यंत ती जागा म्हणजे माझ्या लेखी गॅलरीतला देखावा होता. तो देखावा कुणाचं तरी घर चालवतो हे मला काकांमुळे कळलं. काका म्हणजे पलीकडच्या जुन्या गावातले एक म्हातारे कोळी. खाजणात, म्हणजे तिवरांमधल्या त्या खाऱ्या चिखलात, चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी पकडायचे आणि काकी ती भाईंदर पूर्वेच्या बाजारात नेऊन विकायची. आम्ही पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा काका बांधावर बसून जाळं सोडवत होते. आमची चार माणसं, हातात नकाशा, डोक्यावर टोप्या. त्यांना वाटलं मोजणीवाले आले.

"नाही काका, आम्ही वाचवायला आलोय," मी म्हणालो.

"काय वाचवाला?"

"हे सगळं. तिवरं."

"तिवरांचं काय, ती ऱ्हातील उबी," काका म्हणाले. "ही उघाडी वाचवा." त्यांनी बांधातली एक फट दाखवली. खाडीची भरती त्या फटीतून आत शिरायची, बांधालगतचा उंचवटा ओलांडायची आणि मग आतल्या तिवरांत पसरायची. माती पडत होती ती नेमकी त्या उंचवट्याच्या कडेला. "हितं बुजलं का आत पानी बंद. मंग सगलं सुकंल. तिवरं बी, आन आमी बी."

मी उघाडीकडे बघितलं. दोन हात रुंद फट होती. एवढ्यावर सगळं चालतं हे मला पटेना, पण मी वहीत लिहून घेतलं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तीही मी लिहून घेतली होती. ती वही अजून आहे. त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'फोटो अमावस्येला, दुपारी बारानंतर. गुडघाभर पाणी.' खाली दोन रेघा.

आणि नशीब बघा, ती अमावस्या रविवारी आली होती. आम्हा नोकरदारांना रविवारशिवाय निसर्ग वाचवायला वेळ नसतो हे समुद्राला कळलं असावं. शुक्रवारी अध्यक्षांच्या हॉलमध्ये बैठक झाली.

"परवा अमावस्या आहे," मी म्हणालो. "काकांनी तोच दिवस सांगितलाय."

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. "अमावस्येला सुरुवात करायची?"

"आपण कुठे मानतो?"

"मी अजिबात मानत नाही. मी माझी पहिली स्कूटर अमावस्येला घरी आणली."

"आणि आठव्या दिवशी कुठे ठोकलीत तेही सांगा," आतून वहिनींचा आवाज आला.

अध्यक्षांनी कप पुन्हा उचलला. म्हणाले, "मानत नाहीच मी. पण कोर्टाचं काम आहे, सेक्रेटरी. मुद्दाम कशाला?"

मी घरी बायकोला विचारलं, तर तीही म्हणाली, "मी नाही मानत हो. पण मुद्दाम कशाला?" खाजणातला एकेक किडा शास्त्रीय नावानिशी अर्जात लिहिणाऱ्या आमच्या समितीने एकमताने अमावस्या टाळली. मी विरोध करू शकलो असतो. पण मलाही त्या रविवारी दुपारी झोपायचं होतं. काम पुढच्या रविवारवर गेलं. जागा काय, आठ दिवसांनी पळून जाणार होती का?

पुढच्या रविवारी आम्ही सकाळी अकराला पोचलो. ऊन छान होतं. बांधावर चिटपाखरू नव्हतं, काकासुद्धा नव्हते. मला बरंच वाटलं, कारण काका असले की मध्ये बोलत राहायचे. खाडी कुठेतरी लांब गेली होती. उघाडीतून आत वाकून पाहिलं तर वाळलेला चिखल, त्यावर भेगा. मला यात काहीही खटकलं नाही. उलट बायकोने निघताना नव्या बुटांवरून जे ऐकवलं होतं, त्याला आता उत्तर मिळालं म्हणून मी खूश होतो.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी एका विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात होतो. जळालेली गोदामं, चेपलेले टेम्पो, भिजलेली सिमेंटची पोती यांचे फोटो तपासण्यात माझी उमर गेली. पुराव्याचा फोटो कसा असावा याचे आमच्याकडे पक्के नियम होते. भर उजेडात काढलेला असावा. तारीख दिसावी. आणि आकार कळावा म्हणून जागेत एक माणूस उभा असावा. अध्यक्षांनी कॅमेरा हातात घेऊन विचारलं, "नुसती झाडं घेऊ का?" तेव्हा मी हसलो होतो. "साहेब, पुराव्याचे फोटो मला शिकवू नका. मी उभा राहतो, तुम्ही दाबा."

मग मी उभा राहत गेलो. उंचवट्यावर, भेगांवर, उघाडीच्या तोंडाशी. अध्यक्षांनी रोल संपवला.

वकीलबाईंनी फोटो बघितले आणि कपाळाला एक आठी घातली. "थोडं कोरडं वाटतंय का हो?"

"ते उन्हामुळे," मी म्हणालो. हे वाक्य मी त्यांना म्हणालो, हे मी अजून अध्यक्षांना सांगितलेलं नाही.

अर्ज दाखल झाला. पहिल्या दिवशी कोर्टाने नकाशा बघून, समोरच्यांचं म्हणणं येईपर्यंत 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. डंपर थांबले. आम्ही पेढे वाटले. काकांना द्यायला मी गावात गेलो, तर ते म्हणाले, "पेढा ऱ्हाऊ द्या. फोटू बरं आलं का? गुडघाभर पानी दिसतंय ना?" मी म्हणालो, "झकास आलेत." खोटं नव्हतं. मी बरा आलो होतो.

त्यानंतर तारखा. तारखेला जाणं म्हणजे काय ते गेल्याशिवाय कळत नाही. सकाळी रजा टाकायची, वेळेआधी पोचायचं, बाकावर बसायचं, आपला नंबर जवळ आला की फाइल मांडीवर घ्यायची, आणि मग समोरच्या वकिलांना दुसऱ्या कोर्टात काम असल्यामुळे घरी जायचं. माझ्या रजा संपल्या. अध्यक्षांचे गुडघे गेले. वकीलबाई प्रत्येक वेळी "पुढच्या वेळी नक्की" म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजातला 'नक्की' महिन्यामहिन्याने बारीक होत गेला. त्या बाकावर माझी समुद्राविषयीची सगळी आवड निघून गेली. मी झोपायचो. शिपायाने दोनदा उठवलं.

अखेर एकदाची सुनावणी झाली. त्या दिवशी काकाही आले होते, पांढरा सदरा घालून. माझ्या शेजारी बसले. सगळं इंग्रजीत चाललं होतं, म्हणून मी त्यांना हळूच सांगत होतो.

समोरचे वकील फार सभ्य होते. त्यांनी स्वतःचे फोटो लावलेच नव्हते. त्यांनी आमचेच लावले होते. ते म्हणाले, अर्जदारांनी ही जागा पाणथळ असल्याचं म्हटलंय. अर्जदारांचेच फोटो बघावेत. तारीख आहे, उजेड भरपूर आहे, आणि जागेची कल्पना यावी म्हणून अर्जदारांनी मधोमध एक गृहस्थही उभे केलेत. गृहस्थांच्या पायांत बूट आहेत.

न्यायाधीशांनी फोटो जवळ घेतला, मग लांब धरला. "हे गृहस्थ कोण?"

वकीलबाई उत्तर द्यायला उठल्या. पण मला शाळेपासूनची सवय. कुणी विचारलं की मी उभा राहतो.

"तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं. "त्या दिवशी बूट खराब झाले होते?"

एवढ्या सरळ प्रश्नाला मी आयुष्यात एवढं सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं. "नाही, सर. परतल्यावर पुसावे लागले नाहीत."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. वकीलबाई खाली बसल्या.

बांधालगतच्या उंचवट्यावरची मनाई त्याच दिवशी उठली, कारण तो भाग कोरडा असल्याचं आमच्याच पुराव्यावरून दिसत होतं. आतल्या तिवरांची एका अधिकाऱ्याने जाऊन पाहणी करावी आणि अहवाल द्यावा, असं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात काकांनी मला थांबवलं. "काय जालं? लोक का हसलं?"

मी सांगितलं. फोटो दाखवला. त्यांनी केशरी तारखेवर बोट ठेवलं. "ही तिथी कंची?"

"माहीत नाही. त्याच्या आदल्या रविवारी अमावस्या होती."

"मंग ही सातमी." काकांनी डोळे मिटले. "सात पाऊणकी सव्वापाच. सव्वापाचला भरती. साडेअकराला ठार सुकती, पानी पार लांब. आन त्यात भांगाचं दिस, म्हंजी पानी वर चडतच न्हाय. ह्या दिसांत आमी खाजनात जात बी न्हाय, जाळी शिवतो." मग त्यांनी डोळे उघडले. "मी तुमाला आवसेला सांगितलं व्हतं."

पाऊणकी! चौथीत मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतलेली पाऊणकी. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. हा हिशेब त्या गावातल्या प्रत्येकाच्या जिभेवर होता, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली तिथी छापलेली होती. बायको त्यात चतुर्थी बघायची. मी त्याच्याखाली रोज जेवायचो.

"अमावस्येला काम सुरू करायचं नव्हतं," मी म्हणालो.

"का?"

मी सांगितलं का ते.

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आमची होडी आवसेलाच पान्यात जाते," एवढं म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले. मी त्यांच्या मागून उतरलो.

पाहणीची तारीख कळवण्यात आली. मी घरी येऊन पहिल्यांदा कॅलेंडर बघितलं. पंचमी, सकाळी दहा. म्हणजे पुन्हा सुकतीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात गेलो. तिथे एक कारकून होते, सौम्य माणूस, टेबलावर फायलींचा बांध.

"तारीख बदलून हवीय," मी म्हणालो. "पौर्णिमा हवीय. दुपारी साडेबारा."

"कारण?"

मी त्यांना चंद्र, सूर्य, उधाण, भांग, पाऊणकी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असं कारण नमुन्यात बसत नाही." मी पुन्हा समजावलं. टेबलावरच्या पेपरवेटचा चंद्र केला. ते म्हणाले, "साहेब, पौर्णिमाच का पण? सत्यनारायण आहे का?"

मी थकलो होतो. "हो," मी म्हणालो. "सत्यनारायण आहे."

"मग असं आधी सांगायचं ना!" त्यांनी तिथल्या तिथे तारीख बदलली. "साहेबांना प्रसादाला बोलवा म्हणजे झालं."

अमावस्येमुळे गेलेलं मी सत्यनारायणावर परत मिळवलं, असं वाटून मी त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी शीळ वाजवली. बायको म्हणाली, "म्हणजे आता मी शिरा करायचा." तिने केला. केळं घालून.

पण तो दिवस आणि पौर्णिमा यांच्यामध्ये तीन आठवडे होते, आणि उंचवट्यावरची मनाई उठलेली होती. डंपर रोज येत होते. आता ते कायदेशीर होते, त्यामुळे दिवसाढवळ्या येत होते. मी गॅलरीतून मोजायचो, मग मोजणं सोडून दिलं.

पौर्णिमेला साडेबाराला आम्ही गेलो. अध्यक्ष काठी टेकत, वकीलबाई छत्री घेऊन, मी डब्यात शिरा घेऊन. आणि या वेळी पायांत चपला. अधिकारी वेळेवर आले. तरुण होते, शांत होते, हातात फाइल. त्यांच्यासमोर मातीचा ढीग होता, माणसाच्या दुप्पट उंच. त्याखाली कुठेतरी उघाडी होती. ढिगाच्या अलीकडे तिवरं उभी होती आणि त्यांच्या मुळांशी चिखल वाळत चालला होता.

"पाणी कुठे आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्या बाजूला," काका म्हणाले. "आलंय. टायमावर आलंय. या, वर चडा, दिसंल तुमाला."

काका स्वतः ढिगावर चढले. वरून त्यांनी हात केला. मीही चढलो. खरंच आलं होतं. अख्खी खाडी भरून, बांधाला लागून, ढिगाच्या पायथ्याशी पाणी उभं होतं. छोट्या छोट्या लाटा मातीला लागत होत्या आणि परत जात होत्या.

अधिकाऱ्यांनी ढिगाकडे बघितलं. माती ओली होती. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. तपकिरी, नवे बूट होते. मी वरून ते बघितलं आणि मला त्या माणसाला हाक मारायचाही धीर झाला नाही. मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो, "साहेब, बुटांचं काय एवढं?"

त्यांनी खालूनच लिहून घेतलं. पाहणीच्या वेळी आतील जागा कोरडी आढळली; पाणी पलीकडे असल्याचे स्थानिकांनी सांगितले. दोन्ही वाक्यं खरी होती. शिरा त्यांनी आवडीने खाल्ला.

प्रकरण नंतरही चाललं. वकीलबाईंनी उधाणाचे नवे फोटो लावले, पलीकडून काढलेले, भरपूर पाण्याचे. समोरचे सभ्य वकील म्हणाले, हे तर खाडीचे फोटो आहेत, खाडीत पाणी असतंच. आतल्या तिवरांना कुणी हात लावू नये असा आदेश शेवटी मिळाला. कुणी हात लावलाही नाही. ती उभ्या उभ्या पिवळी पडली, मग करडी. पुढच्या दिवाळीत गॅलरीतून बघताना मला तिथे कुणी काटक्या रोवून ठेवल्यात असं वाटलं. समितीच्या बैठका बंद पडल्या. त्या कुणी बंद केल्या नाहीत, आपोआप पडल्या.

काकी आता उत्तनच्या बंदरावरून टोपली भरून घेऊन येते आणि बाजारात बसते. मी तिच्याकडूनच मासळी घेतो, ती देईल ती. एकदा ती म्हणाली, "दादा, आमच्या म्हाताऱ्याला तुमचा तो फोटू पायजे. मोठा करून."

"कुठला?"

"कोर्टातला. बूटवाला."

मला वाटलं, टोमणा आहे. पण ती खरंच मागत होती. त्या जागेचा दुसरा फोटो त्यांच्याकडे नव्हता. रोज जिथे जातो तिथले फोटो कोण काढून ठेवतो? मी निगेटिव्ह शोधली, स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठा प्रिंट काढला आणि देऊन आलो. काकांनी तो बराच वेळ बघितला.

"खाजान चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "तुमी जरा बाजूला सरलं असतं, तर आजून दिसलं असतं."

काही महिन्यांनी गणपतीला त्यांच्या घरी गेलो. फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला होता. मी जवळ जाऊन बघितलं. कात्रीने मला व्यवस्थित कापून काढलं होतं. डोकं, कमरेवरचा हात, दाखवणारा हात, सगळं गेलं होतं आणि त्या जागी मागचा पांढरा पुठ्ठा दिसत होता. बाकी भेगाळलेली माती, बांध, तिवरं, आकाश जागच्या जागी होतं. खाली मात्र दोन काळे बूट तसेच उभे होते, उन्हात चमकत.

"एवढं कापलंत, मग बूट कशाला ठेवले काका?"

"ते कापाया गेलो व्हतो," काका म्हणाले. "पन तुमी बरोबर उघाडीच्या तोंडात उबं हाव. बूट कापलं तर उघाडी जाते."

काकीने माझ्या हातात प्रसाद ठेवला. मी चपला शोधायला बाहेर आलो.